मेओक्विलिन, चिनिक्विल आणि बोंडअळी

मेझकल या मेक्सिकन मद्याविषयी मराठीत काही छापून आलं की ‘बाटलीच्या तळाशी एक किडा असतो’ हे वाक्य त्यात हमखास येतं. कधी मेझकलच्या जागी टकीला असते. तिथे तर वाक्य मुळातच चुकतं, कारण टकीलाच्या बाटलीत असलं काही घालायची रीत नाही. पण माझा खरा आक्षेप ‘किडा’ या शब्दाला आहे. बाटलीत असते ती अळी. एका पतंगाची अळी, अगेव्हच्या बुंध्यात वाढलेली, आणि बाटलीत जाण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून मेक्सिकोतल्या माणसांच्या ताटात असलेली. तिथल्या जुन्या भाषेत तिची नावं इतकी नेटकी आहेत की नाव फोडलं की ती कुठे राहते, कशी दिसते ते कळतं. आणि तशाच बांधणीचा शब्द मराठीतही आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी रोज असतो. तो बाजूला ठेवून आपण ‘किडा’ लिहितो, याचं मला वाईट वाटतं.

ती भाषा म्हणजे नावात्ल. पुस्तकांत तिचं नाव बहुधा ‘नाहुआत्ल’ असं लिहिलेलं दिसतं. अझ्टेकांची ही भाषा आजही मेक्सिकोत लाखो लोक बोलतात. तिच्यातली नामं शेवटी एक प्रत्यय घेऊन येतात, -त्ल, -त्ली, -ली किंवा -इन, आणि समासात पहिल्या पदाचा हा प्रत्यय गळून पडतो. अगेव्हला या भाषेत म्हणतात ‘मेत्ल’. अळीला म्हणतात ‘ओक्विलिन’. मेत्लमधला त्ल गेला, मे उरला, तो ओक्विलिनला जोडला: मेओक्विलिन. अगेव्हवरची अळी. दुसरं नाव चिलोक्विलिन. चिल्ली म्हणजे मिरची, तेव्हा ही मिरची-अळी. ती मिरचीवर राहत नाही, मिरचीसारखी लाल असते. एक नाव घरावरून, एक रंगावरून.

अळ्याही खरोखर दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी जवळचा संबंध नाही. पांढरी अळी एका मोठ्या फुलपाखराची. मादी पानांवर अंडी घालते, अळी पानात शिरते आणि आतल्या आत बोगदा करत वाढते. सहसा एका पानात एकच, आणि पूर्ण वाढली की बोटाएवढी लांब, मऊ, गुबगुबीत. लाल अळी रात्री उडणाऱ्या पतंगाची. तिची अंडी बुंध्याशी पुंजक्याने घातलेली असतात, म्हणून तिचं सगळं आयुष्य घोळक्यात जातं. एकाच अगेव्हच्या गड्ड्यात डझनांनी सापडतात. आकाराने ती पांढरीच्या निम्मी, पण चव जास्त तीव्र. पांढरी शोधणारा माणूस पानावर बारीक भोक दिसतंय का, पान टोकाकडून कुठे सुकलंय का ते पाहतो. लालसाठी तो पिवळी पडत चाललेली, मलूल झालेली आख्खी वनस्पती हेरतो. दोघींची लगबग पावसाच्या दिवसांत, आणि लाल अळीचा मोसम थोडा उशिराचा. इदाल्गो, त्लाश्काला आणि मेक्सिको शहराभोवतीचं राज्य हा यांचा मुख्य मुलूख.

आता मेत्लकडे. स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोचण्याआधी कॅरिबियन बेटांवर राहिले होते. तिथल्या ताइनो लोकांची भाषा त्यांच्या कानावर आधी पडली आणि नवनव्या वस्तूंची नावं त्यांनी तिच्यातून उचलली. अगेव्हसारख्या वनस्पतीला ताइनो भाषेत ‘मागेय’ म्हणत. मेक्सिकोच्या पठारावर येऊन पाहतात तर हीच वनस्पती मैलोगणती पसरलेली आणि लोक तिला मेत्ल म्हणतायत. पण तोवर मागेय शब्द जिभेवर बसला होता, तोच त्यांनी लागू केला. आज सगळा मेक्सिको तिला मागेय म्हणतो आणि हा शब्द बाहेरून आलेला आहे याची तिथे कुणाला आठवणही नसते. ताइनो भाषा बोलणारा समाज स्पॅनिशांच्या राज्यात फार लवकर मोडून पडला, शब्द मात्र जगभर गेले. त्यातला एक आपल्या रोजच्या तोंडात आहे: बटाटा. ताइनोंचा ‘बटाटा’ हे रताळं होतं. पोर्तुगीजांनी शब्द आणला, मराठीने तो जसाच्या तसा ठेवला आणि वेगळ्याच कंदाला चिकटवला. मागेय आणि बटाटा एकाच भाषेतली भावंडं आहेत, हे मला तरी फार मोलाचं वाटतं.

वनस्पतीही आपल्याकडे आली, नाव मात्र आलं नाही. महाराष्ट्रात ती घायपात झाली, सोलापूर-मराठवाड्याकडे केकताड. घायपातातले दोन्ही तुकडे उघड दिसतात. घाय म्हणजे जखम, घायाळमध्ये आहे तीच, आणि पात म्हणजे लांब पान, कांद्याची असते तशी. पानाच्या टोकाचा तो टणक काळा काटा ज्याच्या पोटरीत एकदा शिरला आहे त्याला ‘घाय करणारी पात’ हा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. केकताड अधिक रंजक आहे. मला त्यात केतक दिसतं. केतकी म्हणजे केवडा. त्याचीही पानं अशीच लांब, कडेला काटेरी. त आणि क यांची अदलाबदल झाली की केतकचं केकत होतं, चिकटणेचं चिटकणे होतं तसं. ताड पुढे का जोडलं ते सांगायला नको, मधोमध वाढणारा फुलांचा उंच दांडा पाहिला की पुरे. म्हणजे नवी वनस्पती आली आणि लोकांनी तिचं नाव जवळच्या दोन जुन्या नावांतून घडवलं. असं घडवणं हीच माझ्या मते भाषेची खरी कमाई.

आपल्याकडे घायपात आलं ते कुंपणासाठी आणि वाखासाठी. पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, गर धुऊन काढायचा, मागे पांढरे लांब तंतू उरतात तो वाख. त्याचे दोर, कासरे, दावी, शिंकी. मातंग समाजाने पिढ्यान् पिढ्या हे काम केलं, आणि बैलाच्या वेसणीपासून विहिरीच्या सोलापर्यंत गावगाडा त्यांच्या हातच्या दोरावर चालला. मेक्सिकोतही मागेयच्या तंतूंचे दोर होतातच. पण तिथली वनस्पती खाण्यापिण्यातही शिरली, आपली शिरली नाही. अलीकडे दख्खनच्या घायपातापासून गोव्यात मद्य होऊ लागलं आहे तेवढंच. आणि त्या दोन अळ्या समुद्र ओलांडून आल्याच नाहीत. आपल्या बांधावरच्या घायपातात मेओक्विलिन शोधू नये.

मेक्सिकोत मागेय किती खोल शिरलं आहे ते शब्दांत मोजता येतं. फुलाचा दांडा फुटण्याच्या बेतात असताना मधला कोंब काढून टाकतात आणि तिथे खळगा करतात. त्यात गोड रस साठतो. तो रोज काढायचा आणि खळगा खरवडायचा, म्हणजे पाझर चालू राहतो. हे करणारा तो त्लाचिकेरो. नावात्लमध्ये खरवडण्याला ‘त्लाचिकी’ म्हणतात, त्याला स्पॅनिश ‘एरो’ प्रत्यय लागला. ताजा रस ही त्यांची नीरा, आंबला की पुल्के, जशी आपली माडी. पुल्केचं जुनं नाव ओक्त्ली. पानावरचा पातळ, कागदासारखा पापुद्रा सोलून त्यात मांस गुंडाळून वाफवतात ते मिशिओते, पुन्हा मेत्लवरूनच. आणि मेझकल म्हणजे मेश्काल्ली: मे अधिक इश्का, इश्का म्हणजे भाजणे. मागेयची पानं छाटून राहिलेला गड्डा तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात दिवसच्या दिवस भाजतात, तो भाजलेला मागेय म्हणजे मेझकल. मद्याचं नाव नंतरचं. आधी ते खाण्याच्या वस्तूचं नाव होतं.

या ‘इश्का’पाशी मी थांबतो, कारण इथे एक मोठी गोष्ट हाती लागते. मक्याच्या भाकरीला नावात्लमध्ये त्लाश्काल्ली म्हणतात. त्यातही तेच इश्का आहे: काहीतरी भाजलेलं, ते त्लाश्काल्ली. आणि त्यावरून त्लाश्काला या राज्याचं नाव, भाकरीचं ठिकाण. म्हणजे ज्या प्रदेशात मागेयच्या अळ्या सगळ्यात आवडीने खातात त्या प्रदेशाच्या नावात भाजणं आहे, त्यांच्या भाकरीत भाजणं आहे, आणि त्यांच्या मागेयच्या गड्ड्यातही तेच भाजणं आहे. अळ्याही अर्थात भाजूनच खातात. कोमाल म्हणजे तवा, मूळ शब्द कोमाल्ली. तापल्या कोमालवर लाल अळ्या टाकल्या की आधी आकसतात, मग फुगून ताठ होतात, अंगातली चरबी सुटते आणि स्वतःच्याच चरबीत त्या कुरकुरीत होत जातात. त्या गरम भाकरीत घालायच्या, वर हिरव्या किंवा लाल मिरचीची चटणी. वाहाकामध्ये त्याच अळ्या भाजून, मीठ आणि सुकी मिरची घालून कुटतात. त्या तांबूस मिठाला साल दे गुसानो, अळीचं मीठ म्हणतात आणि मेझकलच्या घोटाबरोबर संत्र्याच्या फोडीवर भुरभुरवतात.

हे खाणं गरिबांचं, नाइलाजाचं होतं असं कुणाला वाटेल. बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूने जे लिहून ठेवलं ते वेगळंच सांगतं. तो 1529 मध्ये मेक्सिकोत आला आणि पुढचं सगळं आयुष्य तिथेच राहिला. नावात्ल बोलणाऱ्या वृद्ध जाणकारांना आणि त्यांच्या भाषेत शिकलेल्या तरुणांना बरोबर घेऊन त्याने बारा भागांचा एक प्रचंड ग्रंथ तयार केला, एका स्तंभात नावात्ल, दुसऱ्यात स्पॅनिश. तो पुढे इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात पोचला म्हणून फ्लॉरेन्टाइन कोडेक्स म्हणून ओळखला जातो. त्याचा अकरावा भाग निसर्गाचा. तिथे प्राण्यांत, किड्यामुंग्यांत मेओक्विलिनची नोंद आहे. पण मला महत्त्वाचा वाटतो आठवा भाग. त्यात राजे-सरदार काय खात याची यादी आहे, आणि त्या यादीत मागेयच्या अळ्या आहेत, बारीक मिरचीच्या सारात. त्या मिरचीचं नाव चिल्तेक्पिन. तेक्पिन म्हणजे पिसू. पिसूएवढी मिरची, आपण जिला लवंगी म्हणतो तिच्याच जातकुळीचं नाव. सरदाराच्या पंगतीत वाढला जाणारा हा पदार्थ होता आणि त्याच्या नावात कुठेही लाज नव्हती.

आता चिलोक्विलिनचं पुढे काय झालं ते. आज मेक्सिकोच्या बाजारात लाल अळी चिनिक्विल नावाने विकली जाते. स्पॅनिशच्या तोंडी शेवटचा -इन गळला, चिलोक्विल उरलं. मग दोन ल पैकी पहिला ल न झाला आणि मधला ओ आजूबाजूच्या इच्या रांगेत जाऊन इ झाला. एका शब्दात दोन ल आले की जीभ त्यातला एक बदलू पाहते, हे मराठी माणसाला नवं नाही. संस्कृत लाङ्गलचा नांगर असाच झाला: पहिला ल न झाला, शेवटचा र झाला. हजारो मैलांवरच्या दोन भाषांत, कुणी कुणाला न विचारता, जिभेने तीच सोय पाहिली. नांगर म्हणताना ज्याला लाङ्गल ऐकू येत नाही त्याला चिनिक्विलमध्ये चिल्ली तरी कशी ऐकू येणार? तसंच तिथे झालं. मिरची नावातून पुसली गेली, कानाला फक्त एक गोड खणखणीत शब्द उरला. नाकतोडा मात्र -इन टिकवून राहिला: चापोलिनचा चापुलिन झाला, आणि मेक्सिको शहरातल्या चापुल्तेपेक या प्रसिद्ध टेकडीच्या नावातही तोच बसला आहे, नाकतोड्यांची टेकडी.

स्पॅनिशने मात्र या अळीला आपल्याकडून दिलं ते ‘गुसानो’. गुसानो दे मागेय, मागेयचा गुसानो. पांढरी ती गुसानो ब्लांको, लाल ती गुसानो रोहो. गुसानो या शब्दाची झोळी फार मोठी आहे. सडक्या मांसातला किडा गुसानो, फळातली अळी गुसानो, जमिनीत वळवळणारं बरंच काही गुसानो. क्यूबात क्रांतीनंतर देश सोडून गेलेल्यांना सरकारी बाजूचे लोक शिवी म्हणून गुसानो म्हणत, यावरून त्या शब्दाचा वास लक्षात यावा. फुलपाखराच्या अळीसाठी स्पॅनिशमध्ये ओरुगा हा चांगला, नेमका शब्द आहे. पण ओरुगा दे मागेय असं बाजारात कुणी म्हणत नाही. जेत्यांच्या भाषेने इथे ढोबळ शब्द वापरला, आणि तो गुसानो इंग्रजीत ‘वर्म’ झाला. तिथून मराठीत आला तो किडा होऊन. आपल्यापर्यंत पोचेपर्यंत मेओक्विलिनमधलं मेत्लही हरवलं होतं आणि फुलपाखरूही.

बाटलीत ती गेली कधी? हाकोबो लोसानो पाएस या मेझकल बनवणाऱ्या माणसाने 1950 च्या सुमारास ही कल्पना काढली असं सांगतात. चव बदलते हा त्याचा दावा होता, आणि ग्राहकाचं कुतूहल चाळवलं जातं हे तर उघडच. म्हणजे परंपरा म्हणून जे जगभर मिरवलं जातं ते जेमतेम पाऊणशे वर्षांचं. बाटलीतली अळी नेमकी कोणती यावर बरीच वर्षं मतभेद होते. पांढरी म्हणावी तर फुलपाखराची, लाल म्हणावी तर ती फिकी दिसते, आणि मागेय पोखरणाऱ्या सोंडकिड्याची अळी असेल असंही बरेच मानत. 2023 मध्ये फ्लॉरिडातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या बाटल्यांतल्या अळ्यांचा डीएनए तपासून प्रसिद्ध केला. ज्यांचा डीएनए मिळाला त्या सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या: लाल अळी, चिनिक्विल. मद्यात राहून तिचा लाल रंग उतरलेला होता. चिल्ली आधी नावातून गेली होती, बाटलीत ती अंगावरूनही गेली.

शास्त्रीय नावांचा वेगळाच इतिहास आहे आणि तोही सांगण्यासारखा आहे. लिनेअसने 1753 मध्ये वनस्पतीला अगेव्ह हे नाव दिलं ते ग्रीक ‘अगाउओस’वरून, त्याचा अर्थ थोर, तेजस्वी. उंच दांडा आणि शेकडो फुलं पाहिली की नाव शोभतं. पण ग्रीक कथेत अगावे नावाची एक स्त्रीही आहे, कॅडमसची मुलगी. मद्याच्या देवाच्या उन्मादात तिने स्वतःच्या मुलाला सिंह समजून फाडलं; युरिपिडीसच्या ‘बाखाय’ नाटकाचा तोच कळस आहे. मेझकल आणि पुल्के देणाऱ्या वनस्पतीला तिचं नाव मिळावं हा योगायोग अंगावर येतो. पांढऱ्या अळीच्या फुलपाखराच्या नावातही एक ग्रीक स्त्री आहे: एगिआले हेस्पेरिआरिस. एगिआले ही ट्रॉयच्या युद्धातल्या डायोमीडिसची बायको. मेक्सिकोच्या पठारावरचा जीव आणि ग्रीसमधली राणी यांचा मेळ घालायची एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय कीटकशास्त्रज्ञांना हौस होती.

लाल अळीचं शास्त्रीय नाव कोमादिया रेडटेनबाखरी. रेडटेनबाखर हे ऑस्ट्रियन आडनाव आहे. ते नाव देणारा कार्ल एडुआर्ड हॅमरश्मिट हा व्हिएन्नाचा. त्याने या पतंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं ते 1848 च्या सुमाराला, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात क्रांतीचा भडका उडाला. तो त्यात ओढला गेला, देश सोडून ऑटोमन साम्राज्यात पळाला, नाव बदलून अब्दुल्ला बेय झाला, इस्तंबूलमध्ये डॉक्टर आणि शिक्षक म्हणून जगला आणि तिथल्या रेड क्रेसेंट संस्थेच्या स्थापनेत त्याचा मोठा वाटा होता. मेक्सिकोतली अळी, व्हिएन्नातलं आडनाव आणि नाव ठेवणारा शेवटी अब्दुल्ला बेय. पण या दोन्ही लॅटिन नावांत एक उणीव राहते. त्यात मागेय नाही, पांढरा नाही, लाल नाही. मेओक्विलिन आणि चिलोक्विलिन ऐकून माणूस रानात जाऊन अळी शोधू शकतो. रेडटेनबाखरी ऐकून नाही.

मराठीकडे परत येतो. आपल्याकडे या कुळातल्या शब्दांची वाण नाही. किडा, कीड, अळी, सुरवंट, जंत, कृमी, किरम. प्रत्येकाची जागा ठरलेली. सुरवंट म्हटला की अंगावर केस हवेतच, त्यामुळे मागेयच्या गुळगुळीत अळीला तो चालत नाही. जंत पोटातले. कीड लागते ती धान्याला, लाकडाला, दाताला. त्यात नासणं आहे. संस्कृत कीटपासून आलेला किडा तसा निरुपद्रवी, पण खाण्याच्या पदार्थाजवळ आला की नासण्याचा वास घेऊनच येतो. ‘पिठात किडे झाले’ म्हटल्यावर ते पीठ चाळून तरी घेतात नाहीतर टाकून देतात.

तरी शब्दाचा वास कायमचा नसतो, याला मराठीतच दोन साक्षी आहेत. पहिला रेशीमकिडा. त्याच्याविषयी कुणाच्या मनात किळस नाही, कारण रेशमाने त्या किड्याला उंचावर नेलं. दुसरा शब्द किरमिजी. शालूचा, पैठणीच्या काठाचा तो खोल तांबडा. संस्कृत कृमी आणि फारसी किर्म एकाच घरातले शब्द. झाडावरच्या बारीक किड्यांपासून लाल रंग काढत, त्या किड्यांवरून अरबीत किर्मिझ झाला, तिथून युरोपच्या भाषांत गेला आणि आपल्याकडे किरमिजी होऊन आला. गंमत अशी की स्पॅनिशांनी मेक्सिकोत त्याहून सरस लाल रंग देणारा कीटक पाहिला. निवडुंगाच्या फड्यावर तो वाढतो. नावात्लमध्ये त्या रंगाला नोचेस्त्ली म्हणत, निवडुंगाचं रक्त. चांदीच्या खालोखाल हाच रंग स्पेनला मेक्सिकोतून सर्वांत जास्त पैसा देत होता. पुढे त्याच लाल रंगालाही युरोपात कृमीच्याच कुळातलं कार्मिन हे नाव चिकटलं. नवरीच्या शालूला किरमिजी म्हणताना आपण कृमी म्हणतोय हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

पण मला हवा आहे तो शब्द अळी, आणि त्याचं कारण विदर्भ-मराठवाड्यातले कापसाचे शेतकरी. इंग्रजीत ‘बोलवर्म’ म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकांतून आणि शेतकऱ्यांच्या बोलण्यातून मराठीत ती बोंडअळी झाली. बोंडकिडा नाही, बोंडजंत नाही. इंग्रजी ‘वर्म’चा फसवा अर्थ आपल्या लोकांनी ओळखला, फुलपाखराच्या जातीतला जीव आहे हे डोळ्यांनी पाहिलं आणि अळी म्हटलं. गुलाबी बोंडअळी म्हटलं की घरही कळतं आणि रंगही. अमेरिकेतून मक्यावर 2018 मध्ये भारतात पोचलेली ‘आर्मीवर्म’ तिथल्या तिथे लष्करी अळी झाली. आता बोंडअळी आणि मेओक्विलिन शेजारी ठेवून पाहा. बोंड अधिक अळी. मेत्ल अधिक ओक्विलिन. साचा एकच. गुलाबी बोंडअळी आणि चिलोक्विलिन: रंग सांगायची युक्तीही एकच. नजर दोन्हीकडे शेतकऱ्याची आहे. आपली नजर संकटाची, बोंडअळीने कितीतरी घरांचं वर्ष बुडवलं आहे. मेक्सिकोतली नजर दुहेरी, कारण मागेय पिकवणाऱ्याला ही अळी नुकसान करते आणि खाणाऱ्याला तीच हवी असते.

हवी असणं आता जड जाऊ लागलं आहे. पांढरीसाठी पान कापलं तरी वनस्पती पुढे वाढू शकते. लालसाठी गड्डाच खणून फोडावा लागतो, म्हणजे तो मागेय संपला. मागेयला फुलायला वर्षानुवर्षं लागतात आणि तो आयुष्यात एकदाच फुलतो. मिशिओतेसाठी पापुद्रे सोलणारेही वनस्पतीला तसंच दुबळं करतात. बाटल्यांची, मिठाची आणि शहरी हॉटेलांची मागणी वाढली तसे रानातून चोरून मागेय उपटणारे वाढले. त्लाश्काला-इदाल्गोच्या मागेयवाल्यांना हे रोज दिसतं.

कीटक खाण्याची गोष्ट निघाली की आपल्याकडे नाकं मुरडली जातात, पण गडचिरोलीतले माडिया लाल मुंग्यांची चटणी चवीने खातात आणि ती महाराष्ट्रातलीच चव आहे. मेक्सिकोत मुंग्यांच्या अंड्या-अळ्यांना एस्कामोलेस म्हणतात: आस्कात्ल म्हणजे मुंगी, मोल्ली म्हणजे सार, ग्वाकामोलेत असतो तोच मोल्ली. मेक्सिको शहराजवळच्या तळ्यांतल्या पाणकिड्यांची अंडी गोळा करतात, बारीक, दाणेदार. त्यांचं नाव आवाउत्ले. आ म्हणजे पाणी, वाउत्ली म्हणजे राजगिरा. पाण्यातला राजगिरा. हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण तो दाणा मेक्सिकोतूनच जगभर पसरला आणि आपल्याकडे एकादशीला लाडू होऊन बसला. चिकूही तिथलाच: चिकोझापोतेमधल्या झापोतेचं मूळ नावात्ल त्सापोत्ल, आणि पुढचा चिको घोलवड-डहाणूच्या वाड्यांत चिकू झाला. टोमॅटो हा तोमात्ल. नावात्लचे शब्द आपल्या ताटात केव्हाचे आहेत.

तेव्हा भाषांतर करणाऱ्यांना, मासिकांत लिहिणाऱ्यांना माझी विनंती अशी. मेझकलविषयी लिहाल तेव्हा ‘घायपातअळी’ लिहा. पांढरी घायपातअळी, लाल घायपातअळी. आणि खाण्याच्या संदर्भात, पदार्थ म्हणून लिहायचं असेल तर सरळ चिनिक्विल लिहा, पोरं चिकू म्हणतात तसं. उच्चार सोपा आहे: शेवटच्या ‘क्विल’वर थोडा जोर, बाकी मराठीच.